जुना ऑसिलोस्कोप घ्यायचाय: अ‍ॅनालॉग की डिजिटल? आणि घेताना काय तपासायचं?

मिलीव्होल्ट

नमस्कार मंडळी,

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करतो. आजवर मल्टिमीटरवर भागलं, आता भागत नाही. सध्या टेबलावर तीन कामं अडून बसली आहेत. एक, १६ मेगाहर्ट्झच्या मायक्रोकंट्रोलरवरचं तापमान नोंदवणारं सर्किट. त्यातला आयटूसी (दोन तारांवरून एकेक बिट पाठवायची पद्धत) सेन्सर तास दोन तास नीट चालतो आणि अचानक गप्प होतो. दोन, त्याच बोर्डाला ३.३ व्होल्ट देणारा छोटा बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्टेज वेगाने चालू-बंद करून कमी करणारं सर्किट). तीन, एक ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर, ज्यात बारीक गुणगुण आहे. मल्टिमीटर लावला की तिन्हीकडे आकडे बरोबर येतात.

नवा स्कोप (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर आलेखासारखं दाखवणारं यंत्र) न घेता वापरलेला घ्यायचा विचार आहे. तीन डोळ्यांसमोर आहेत: टेकट्रॉनिक्स ४६५ (अ‍ॅनालॉग, १०० मेगाहर्ट्झ, दोन चॅनेल), टेकट्रॉनिक्स टीडीएस २१० (डिजिटल, ६० मेगाहर्ट्झ, दोन चॅनेल) आणि रिगोल डीएस१०५४झेड (डिजिटल, ५० मेगाहर्ट्झ, चार चॅनेल). पैशांचा मुद्दा बाजूला ठेवू. माझ्या कामांना कोणता बरा, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

कॅथोडकिरण

डोळे मिटून ४६५. १९७२ साली आलेला स्कोप आहे आणि आजही लोकांच्या टेबलावर रोज चालतोय, यातच सगळं आलं. नॉब फिरवला की ट्रेस (पडद्यावरची सिग्नलची रेघ) त्याच क्षणी हलतो, मध्ये कुठला मेनू नाही. सिग्नलवर बसलेला बारीक नॉइज फॉस्फरवर (पडद्याच्या चमकणाऱ्या लेपावर) जसा दिसतो, तसा स्वस्त डिजिटल स्कोपच्या पडद्यावर दिसत नाही. अ‍ॅलियासिंगचं (सॅम्पल कमी पडून खोटाच सिग्नल दिसण्याचं) भूत नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, प्रत्येक भाग कसा चालतो त्याचं वर्णन, कुठे किती व्होल्ट हवेत ते, सगळं दिलेलं आहे. ते मॅन्युअल नुसतं वाचलं तरी माणूस अ‍ॅम्प्लिफायर शिकतो.

तुमची गुणगुण तर याच्यावर मिनिटात उलगडेल. ट्रिगर (ट्रेस कोणत्या क्षणी सुरू व्हायचा ते ठरवणारी सोय) सोर्स 'लाइन'वर, म्हणजे मेन्सवर टाका. ट्रेस जागच्या जागी थांबला तर गुणगुण मेन्समधून येतेय. मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीची असेल तर ग्राउंड लूप किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. दुप्पट फ्रिक्वेन्सीची असेल तर रेक्टिफायरनंतरचं फिल्टरिंग.

शून्यपातळी

कॅथोडकिरण यांचं ४६५ वरचं प्रेम समजू शकतो, लाइन ट्रिगरची युक्तीही सोळा आणे. पण धागाकर्त्यांचं पहिलं काम पुन्हा वाचा: सेन्सर दोन तासांतून एकदा गप्प होतो. अ‍ॅनालॉग स्कोपवर जे पुन्हा पुन्हा घडतं तेच दिसतं. एकदाच घडलेली गोष्ट पडद्यावर चमकून जाते, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत असता. इथे सिंगल शॉट (एकदा पकडून तिथेच थांबणं) आणि मेमरी हवीच.

आता डिजिटल म्हणून टीडीएस २१० घ्यावा का? सॅम्पल रेट १ गिगासॅम्पल (सेकंदाला शंभर कोटी मोजमापं) आहे, तो आकडा बघून माणूस भुलतो. मेमरी आहे प्रत्येक चॅनेलला फक्त २५०० पॉइंट. १० मिलिसेकंद प्रति डिव्हिजन लावलंत तर पडद्यावर १०० मिलिसेकंद मावतात. म्हणजे दोन सॅम्पलमध्ये ४० मायक्रोसेकंदांचं अंतर. आयटूसी ४०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर एक बिट २.५ मायक्रोसेकंदांचा. दोन सॅम्पलच्या मध्ये १६ बिट निघून गेले! झूम करून बघाल तर तिथे काहीच नाही.

रिगोलमध्ये १२० लाख पॉइंट आहेत. दोन चॅनेल चालू असतील तर वाटून साठ साठ लाख. तेच १०० मिलिसेकंद पकडले तर सॅम्पल साधारण १६ नॅनोसेकंदांवर एक. प्रत्येक बिट वाचता येतो.

अनवट

शून्यपातळी +१. जाहिरातीत मेगाहर्ट्झ मोठ्या अक्षरात असतात आणि मेमरी डेप्थ कुठेतरी तळाशी. वापरताना मात्र आधी मेमरीच कमी पडते.

तारायंत्र

टीडीएस २१० ला इतकं निकालात काढू नका. त्यात पीक डिटेक्ट (दोन सॅम्पलमधली सर्वात वरची आणि खालची पातळी धरून ठेवणं) आहे, त्यामुळे स्लो टाइमबेसवरही (पडद्याच्या आडव्या वेळेच्या मापावरही) अरुंद स्पाइक निसटत नाही. छोटा, हलका, फॅनचा आवाज नाही. १९९७ च्या सुमारास आला तेव्हा इतक्या लहान खोक्यात डिजिटल स्कोप ही नवलाई होती. पॉवर सप्लाय, मोटर, रिले या कामांना मी आजही तोच उचलतो.

शून्यपातळी

पीक डिटेक्टचा मुद्दा मान्य. स्पाइक आला हे कळेल. पण स्पाइकच्या आधी कोणता बिट गेला आणि नंतर बस कुठे अडकली, तो क्रम पीक डिटेक्टमध्ये कळत नाही. यांना नेमका क्रमच हवाय.

व्हॉल्व्हकाका

तुमचा वाद रंगला आहे, पण वापरलेला स्कोप घेताना मॉडेल ही निम्मीच गोष्ट. समोर ठेवलेला तो एक नग कसा आहे, यावर बाकीचं ठरतं. दुरुस्तीच्या कामात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. उत्तम मॉडेलचा मार खाल्लेला नग घेण्यापेक्षा साध्या मॉडेलचा सांभाळलेला नग केव्हाही बरा.

मिलीव्होल्ट, बघायला जाताना मल्टिमीटर, दोन बीएनसी (स्कोपच्या इनपुटचा गोल कनेक्टर) केबल आणि स्वतःचा चांगला प्रोब (सर्किटला टेकवायची टोकाची केबल) सोबत न्या. पहिली तपासणी स्कोप सुरू करायच्या आधीच होते. मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर तो तुमच्या मेन्सच्या व्होल्टेजवर आहे ना ते बघा. फ्यूज होल्डर उघडून आत मूळ रेटिंगचाच फ्यूज आहे का बघा. जाड फ्यूज किंवा तार कोंबलेली दिसली तर आत कोणीतरी एक दोष झाकून ठेवलाय असं धरा.

मग स्कोप सुरू करा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून इनपुट बीएनसीच्या मधल्या पिनपासून बाहेरच्या रिंगपर्यंत मोजा. डीसी कपलिंगवर १ मेगाओहम यायला हवं. व्होल्ट प्रति डिव्हिजनचा नॉब सगळ्या रेंजमधून फिरवत पुन्हा पुन्हा मोजा, आकडा तोच राहिला पाहिजे. एखाद्या रेंजवर भलताच आला तर अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल लहान करणारा भाग) जळलाय किंवा रिले अडकलाय. स्कोपला ५० ओहमची सोय असेल तर ती लावून ५० येतात का बघा. पाच व्होल्टच्या वर काही जोडून तिथला रेझिस्टर जाळलेले स्कोप बरेच फिरत असतात, आणि पडद्यावर ट्रेस छान सरळ दिसत असल्यामुळे ते लक्षात येत नाही.

यानंतर प्रोब कॅलिब्रेशनच्या टोकाला लावा. तिथे साधारण १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल असतो. दोन्ही चॅनेलवर, प्रत्येक रेंजवर उंची बरोबर येते का, टाइमबेसच्या प्रत्येक पायरीवर रुंदी बरोबर बदलते का, हे सावकाश बघा. ट्रिगर लेव्हल वर खाली करा. सिग्नलच्या मर्यादेत असेपर्यंत ट्रेस स्थिर राहायला हवा. नॉब हलकेच दाबा, डोलवा. ट्रेस उडत असेल तर कॉन्टॅक्ट मळलेत. अ‍ॅनालॉगमध्ये ब्राइटनेस पूर्ण कमी करून हळूहळू वाढवा. ट्रेस बारीक आणि फोकसमध्ये आला पाहिजे, खोलीतला दिवा चालू असतानाही दिसला पाहिजे. पडद्याची ट्यूब थकलेली असेल तर तिथे विषय संपला, कारण तशी ट्यूब दुसऱ्या बंद स्कोपमधूनच काढावी लागते.

आणि हे सगळं थंड स्कोपवर करून निघून येऊ नका. वीसेक मिनिटं चालू ठेवा, मग पुन्हा एकदा तपासा. बरेच दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. एकाच सिग्नलवर दोन वेगवेगळे प्रोब लावून बघा म्हणजे दोष प्रोबचा की स्कोपचा तेही कळेल.

नवखा_०७

व्हॉल्व्हकाका, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. एक प्रश्न: सुरुवातीला डीएसओ१३८ या छोट्या स्कोपचं किट जोडून काम भागेल का? किंवा संगणकाच्या साउंड कार्डवर?

व्हॉल्व्हकाका

किट जोडायला जरूर घे, सोल्डरिंगचा हात बसतो. पण त्याची बँडविड्थ (नीट दाखवता येणारी कमाल फ्रिक्वेन्सी) २०० किलोहर्ट्झ आणि सॅम्पल रेट सेकंदाला १० लाख. ऑडिओ बघशील, ४०० किलोहर्ट्झची आयटूसी नाही. साउंड कार्ड तर डीसी दाखवतच नाही आणि जास्त व्होल्टेज गेलं तर संगणकालाच झटका.

सोल्डरधूर

प्रोबबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या स्कोपसोबत बहुधा प्रोब मिळत नाहीत, मिळाले तर टोक तुटलेले. एकास एक प्रोबवर १०० मेगाहर्ट्झचा स्कोपही ६ ते १० मेगाहर्ट्झचा होऊन बसतो, शिवाय केबलची शंभरेक पिकोफॅरड सर्किटवर चढते. रोजच्या कामाला १०एक्सच लावा. त्यात टोकाशी ९ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, स्कोपचे १ मेगाओहम मिळून दहाचा भाग जातो, आणि टोकाची कपॅसिटन्स १० ते १५ पिकोफॅरडवर येते. तेवढीही कमी समजू नका. १५ पिकोफॅरड म्हणजे १० मेगाहर्ट्झला साधारण १ किलोओहमचा भार झाला.

प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून चौकोनी सिग्नलचे कोपरे सरळ करायचे. कोपरा गोल असेल तर कॉम्पेन्सेशन कमी, शिंग वर आलं असेल तर जास्त. प्रोब एका स्कोपवरून दुसऱ्यावर नेला की हे पुन्हा करायचं, इनपुटची कपॅसिटन्स प्रत्येक स्कोपची वेगळी असते.

गौरी_सर्किट

मिलीव्होल्ट, बक कन्व्हर्टरला इनपुट कुठून येतंय? बॅटरी किंवा आयसोलेटेड अडॅप्टरवरून असेल तर प्रश्न नाही. थेट मेन्स रेक्टिफाय करून असेल तर प्रोबची क्लिप लावण्याआधी थांबा. टेबलावरच्या स्कोपची क्लिप बीएनसीच्या बाहेरच्या रिंगला, तिथून चासीला आणि चासीतून मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. चारही चॅनेलच्या क्लिप आतून एकच. मेन्सच्या बाजूच्या 'ग्राउंड'ला ती लावली की सरळ शॉर्ट.

मिलीव्होल्ट

गौरीताई, आयसोलेटेड अडॅप्टर आहे, १२ व्होल्टचा. पण बरं झालं सांगितलंत, चारही क्लिप आतून एकच असतात हे मला नवीन आहे.

फिरता_चुंबक

अर्थची पिन काढून स्कोप तरंगता ठेवायचा, मग कुठेही क्लिप लावा. बरेच जण तसंच करतात.

गौरी_सर्किट

कृपा करून हा सल्ला कोणी घेऊ नका. अर्थ काढला की क्लिपवरचं व्होल्टेज स्कोपच्या सगळ्या धातूच्या भागांवर येतं. नॉबचा स्क्रू, बीएनसीची रिंग, मागचं पॅनेल. तुम्ही एका हाताने प्रोब धरलेला असतो आणि दुसऱ्या हाताने टाइमबेस बदलायला जाता. मेन्सच्या बाजूला मोजायचं असेल तर डिफरन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरा, नाहीतर तपासायचं सर्किट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या) घ्या. स्कोपचा अर्थ जागेवरच राहू द्या.

व्हॉल्व्हकाका

गौरी, शंभर टक्के. याच्याशीच जोडून: अ‍ॅनालॉग स्कोप उघडणार असाल तर ट्यूबला कित्येक हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहतात. मॅन्युअलमधली डिस्चार्जची पद्धत वाचल्याशिवाय हात घालू नये.

फिरता_चुंबक

पटलं. माझा प्रतिसाद कोणी अमलात आणू नये.

कॅथोडकिरण

थोडं बँडविड्थकडे वळू. ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपने १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ बघायचं म्हणजे काय दिसणार? राइज टाइमचं (कड वर जायला लागणाऱ्या वेळेचं) साधं गणित आहे: ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद, ५० ला ७ नॅनोसेकंद. मायक्रोकंट्रोलरच्या पिनची कड काही नॅनोसेकंदांत वर जाते, म्हणजे ५० वर तुम्हाला सिग्नलची नाही, स्कोपची कड दिसेल. चौकोनी सिग्नलची पाचवी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पाचपट असलेला भाग) ८० मेगाहर्ट्झला आहे, ती तर जवळपास गेलीच. आणि बँडविड्थच्या आकड्यावर उंचीसुद्धा ७० टक्केच उरलेली असते.

शून्यपातळी

गणित अचूक. पण यांच्या तीन कामांत १६ मेगाहर्ट्झची कड मोजायचीच नाहीये. आयटूसीला ४०० किलोहर्ट्झवर ३०० नॅनोसेकंदांपर्यंत राइज टाइम चालतो. ७ नॅनोसेकंदांच्या स्कोपला तो आरामात दिसेल. बक कन्व्हर्टरची स्विचिंग कड तेवढी वेगवान असते, तिथे मात्र तुमचं म्हणणं लागू.

शिवाय बऱ्याच वापरलेल्या १०५४झेडमध्ये आधीच्या मालकाने १०० मेगाहर्ट्झचा पर्याय उघडलेला असतो. मेनूतल्या ऑप्शन यादीवरून बघता येतं. फक्त चारही चॅनेल चालू केले की १ गिगासॅम्पल चारांत वाटला जातो, प्रत्येकाला २५० मेगासॅम्पल. १०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला ते अगदी काठावर आहे. वेगवान कड बघायची असेल तेव्हा एकच चॅनेल ठेवा.

टेकवेडा

अवांतर होतंय, पण जुन्या टेकट्रॉनिक्सचा विषय निघाला आणि २४६५ चं नाव नाही? ३०० मेगाहर्ट्झ, चार चॅनेल, पडद्यावरच मोजमापं. कोणाला मोह झालाच तर दोन गोष्टी बघा. त्यातली आडव्या डिफ्लेक्शनची यू८०० ही चिप फार तापते आणि बाजारात नवी मिळत नाही, म्हणून फॅन नीट फिरतोय ना ते आधी पाहा. आणि २४६५बी च्या ज्या बोर्डांत बॅटरीवाली मेमरी आहे, तिची बॅटरी मेली की कॅलिब्रेशनचे आकडे जातात. टीडीएस ५०० आणि ७०० मालिकेतही तीच काळजी, वर सरफेस माउंट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळून बोर्ड खातात. उघडल्यावर माशासारखा वास आला तर समजा गळती सुरू आहे.

आणि ट्रिगर आपण गृहीत धरतो, पण १९४७ चा टेकट्रॉनिक्स ५११ गाजला तो ट्रिगर्ड स्वीपसाठीच. ब्राउनची कॅथोड रे ट्यूब १८९७ ची, म्हणजे मध्ये अर्धं शतक गेलं. त्याआधी सिग्नल स्थिर करायला स्वीपची फ्रिक्वेन्सी हाताने जुळवत बसावं लागे.

अनवट

अवांतर असलं तरी असंच लिहीत राहा, टेकवेडा.

मिलीव्होल्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. टीडीएस २१० दरम्यान विकला गेला, बाकीचे दोन बघून आलो.

४६५: ट्यूब सुंदर आहे, बारीक आणि लख्ख. पहिला चॅनेल निर्दोष. दुसऱ्या चॅनेलवर २० आणि ५० मिलिव्होल्टच्या रेंजला नॉब डोलवला की ट्रेस नाहीसा होतो, पुन्हा फिरवला की येतो.

रिगोल: चारही इनपुटवर प्रत्येक रेंजला १ मेगाओहम. वीस मिनिटांनंतर सेल्फ कॅलिब्रेशन चालवलं, पास झालं. ऑप्शन यादीत १०० मेगाहर्ट्झ उघडलेले. एक नॉब दाबला तर कधी कधी दोनदा दाबल्यासारखा वागतो. फॅन ऐकू येतो.

रिगोल घेतला.

कॅथोडकिरण

अभिनंदन! मेमरीचा मुद्दा तुमच्या सेन्सरपुरता मलाही पटला. पण ४६५ चा तो दोष फार किरकोळ आहे. त्यातले कॅम स्विचचे सोनेरी कॉन्टॅक्ट मळलेत, इतकंच. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये सरकवायची आणि अलगद ओढायची. स्प्रे मारायचा नाही, जोर लावायचा नाही, त्या पात्या वाकल्या की संपलं. विकणाऱ्याचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवाल का? असा ट्यूबवाला ४६५ भंगारात जाऊ नये.

मिलीव्होल्ट

कळवला.

आता सेन्सरची बातमी. एसडीए (आयटूसीची डेटा लाइन), एससीएल (तिची क्लॉक लाइन), ३.३ व्होल्ट आणि बकचा स्विच नोड असे चार चॅनेल लावले. आधी पल्स ट्रिगर लावणार होतो, एसडीए ५ मिलिसेकंदांहून जास्त वेळ खाली राहिला तर. मग लक्षात आलं की अडकलेला पल्स संपतच नाही, त्यामुळे त्याची रुंदी मोजली जाणार कशी? म्हणून टाइमआउट ट्रिगर (ठरलेल्या वेळेत सिग्नल बदललाच नाही तर चालणारा) लावला, ट्रिगरचा बिंदू पडद्याच्या उजवीकडे सरकवला आणि सिंगल दाबून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर पकडलेलं होतं.

एससीएलची चढती कड भलतीच वाकडी आहे, ३० ते ७० टक्क्यांना ०.८ मायक्रोसेकंद लागतात. बोर्डावर १० किलोओहमचे पुलअप (लाइन वर ओढणारे रेझिस्टर) आहेत आणि सेन्सरची वायर लांब. कड अर्ध्यावर असताना बकच्या स्विचिंगचा स्पाइक तिच्यावर बसतो आणि सेन्सरला एक क्लॉक जास्त मोजल्यासारखं होतं. नंतर तो एसडीए खाली धरून बसतो.

शून्यपातळी

वा! पुलअप २.२ किलोओहम करा, कड साधारण ०.१८ मायक्रोसेकंदांवर येईल, ३०० नॅनोसेकंदांच्या आत. ३.३ व्होल्टला करंट दीड मिलिअँपिअर, तेवढा सेन्सरला झेपतो. आणि कोडमध्ये सुटकेचा मार्ग ठेवा: एसडीए अडकलेला दिसला की एससीएलवर ९ क्लॉक द्यायचे, सेन्सर उरलेले बिट पाठवून लाइन सोडतो. मग स्टॉप.

सोल्डरधूर

स्पाइक खरंच तेवढा मोठा आहे का, ते आधी प्रोबच्या लांब ग्राउंड वायरऐवजी टोकाजवळच्या छोट्या स्प्रिंगने मोजा. लांब वायरीचा लूप बकजवळ अँटेनासारखा वागतो आणि नसलेला स्पाइक दाखवतो.

मिलीव्होल्ट

स्प्रिंगने मोजला. निम्म्याहून कमी झाला, पण आहेच. पुलअप बदलले, बकच्या इनपुटला सिरॅमिक कपॅसिटर अगदी चिपच्या पायाशी लावला. त्यानंतर सेन्सर अडकलेला नाही, ट्रिगर अजून वाट बघतोय.

अ‍ॅम्प्लिफायरवर लाइन ट्रिगर लावून बघितलं. ट्रेस थांबला, आणि फ्रिक्वेन्सी मेन्सच्या दुप्पट आहे. म्हणजे फिल्टर कपॅसिटर बदलू ना?

व्हॉल्व्हकाका

बदलण्याआधी एक मोजमाप करा. प्रोबची क्लिप फिल्टर कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावरच, टोक पॉझिटिव्ह पायावर, एसी कपलिंग (डीसी भाग वगळून). तिथला रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) भरपूर असेल तर कपॅसिटर थकला. रिपल बेताचा असेल आणि तरी स्पीकरला गुणगुण असेल तर कपॅसिटरला हात लावू नका. क्लिप तिथेच ठेवून टोक इनपुट जॅकच्या ग्राउंडवर न्या. तिथे दुप्पट फ्रिक्वेन्सीचे टोकदार पल्स दिसले तर रेक्टिफायरचा चार्जिंग करंट सिग्नलच्या ग्राउंड वायरीतून फिरतोय. मग ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरच्या वायरी थेट कपॅसिटरच्या पायांवर आणा आणि सिग्नलचं ग्राउंड तिथून वेगळ्या वायरीने घ्या. दोन्ही मोजमापांचे फोटो इथे टाका.